वरच्या मजल्याला हरकत

गावाचं नाव सांगत नाही. वणीहून पांढरकवड्याकडे जाताना कोळशाचे ट्रक जिथे काही कारण नसताना हॉर्न वाजवतात ते गाव, एवढं पुरे. नाव छापलं तर तिथली माणसं हरकत घेतील, आणि एक हरकत माणसाला किती महागात पडते तीच ही गोष्ट आहे.

या गावाच्या शारदा ले-आऊटमध्ये बेचाळीस प्लॉट, बेचाळीस घरं आणि त्या सगळ्यांत मिळून अर्ज लिहिता येणारा माणूस एकच, नामदेवराव पिंपळशेंडे. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. नळ आटला, खांबावरचा दिवा गेला, मोकाट डुकरं वाढली, की लोक त्यांच्या दारात. मजकूर निळ्या शाईत, महत्त्वाचे शब्द लाल शाईत, आणि अतिमहत्त्वाच्या शब्दाखाली पट्टी ठेवून दोन रेघा. अर्जाने दिवा लागायचाच असं नाही, पण आपण शासनाला सोडलं नाही, हे समाधान माणसाला मिळायचं.

मार्चमधल्या एका सकाळी त्यांच्या एकुलत्या एक लेकीचा, वैष्णवीचा फोन आला. वैष्णवी नर्स. गेली सात वर्षं गडचिरोलीकडे नोकरीला, आणि नवरा अक्षय वणीला कोळसा खाणीत. पाच वर्षांची सोनू आईजवळ असायची आणि बाप तिला फोनच्या काचेत भेटायचा.

"बाबा, ऑर्डर आली! आपल्याच गावच्या दवाखान्यात! जूनमंधी जॉईन व्हा लागते!"

नामदेवरावांनी फोन कानाला तसाच धरून अंगणात दोन चकरा मारल्या. मग बायकोला, लीलाबाईंना हाक मारली. मग आणखी दोन चकरा. लीलाबाई फोडणी सोडून धावत बाहेर आल्या, ऐकलं, आणि पदराने डोळे पुसत उभ्या राहिल्या. आत मोहरी जळाली. त्या दिवशीचं जळकं वरण दोघांनी दोन-दोनदा मागून घेतलं.

मात्र पुढचे तीन रविवार अक्षय गावात भाड्याची खोली शोधत हिंडला आणि त्याला एकही मिळाली नाही. बऱ्या खोल्या खाणीच्या ठेकेदारांनी आपल्या माणसांसाठी धरून ठेवलेल्या. उरलेल्यांपैकी एका घरमालकाने कुलूप काढण्याआधी आडनाव विचारलं. दुसऱ्याने आडनाव पसंत केलं, खोली दाखवली, आणि बाईंना रात्रपाळी असते म्हणताच पुन्हा कुलूप लावलं. ले-आऊटमध्ये तर कुणी वर नव्या खोल्या बांधतच नव्हतं. का बांधत नव्हतं, हा प्रश्न नामदेवरावांना तेव्हा पडला असता तर पुढचं बरंच टळलं असतं. पण त्यांना प्रश्नाआधी उत्तर सुचलं.

"खोली कायले पाह्यजे?" ते गरजले. "आपल्या डोक्यावर गच्ची हाय! दोन खोल्या काढू वरतं. पोरगी वर, आपन खाली!"

लगेच पट्टी आणि खडू घेऊन ते गच्चीवर चढले. लीलाबाई मागोमाग. इथे सैपाकघर, इथे सोनूची खाट, इथे खिडकी. खडूच्या रेघा पाहून शेजारच्या गच्चीवरून उरकुडे सर अवतरले. सर निवृत्त व्यायामशिक्षक. गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नव्हती. "सैपाकघर आग्नेयले घ्या," त्यांनी कठड्यावरून आज्ञा केली. समोरून रामसिंग राठोड आले. त्यांनी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेली. "जिना दोन दाराचा पाह्यजे, भाऊ," ते म्हणाले. "चढनारा मांगून, उतरनारा समोरून. नाई तं गर्दी होते."

"कोनाची गर्दी? तीन मानसं हायेत राह्याले!"

"तीन मानसायचीबी होते. मी पाह्यली हाय."

दिवस मावळेस्तोवर गच्चीवर खडूची चार स्वयंपाकघरं झाली आणि एक न्हाणी अशी झाली की तिच्यात शिरायला देवघरातूनच वाट होती. दुसऱ्या दिवशी धर्मपाल मिस्त्री आला. ले-आऊटमधल्या निम्म्या घरांचे स्लॅब त्याच्या हातचे. त्याने हे सगळं निमूट पाहिलं, चपलेने चारही स्वयंपाकघरं पुसली आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन साध्या खोल्या आखल्या.

"पिलर दमदार हायेत, काकाजी. मीच भरले होते. वरचा मजला धरूनच भरले होते."

"मंग करायचं सुरू?"

धर्मपालने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "परवानगी तेवढी पाहून घ्या आधी," तो म्हणाला आणि खाली उतरला.

परवानगीचा अर्ज नामदेवरावांनी दोन दिवस घेऊन लिहिला. तो घेऊन ते नगर पंचायतीत गेले, तेव्हा अंगात इस्त्रीचा सदरा आणि खिशात तीन पेनं होती. तिथे नयन ढोके नावाच्या तरुण इंजिनिअर मॅडम बसायच्या. त्यांनी अर्जातला फक्त प्लॉट नंबर पाहिला, नकाशा उलगडला आणि मान हलवली.

"नाही मिळणार, काका. सुधारित विकास आराखड्यात हा सगळा पट्टा ‘फक्त तळमजला’ दाखवलाय."

"कोन्या गाढवानं दाखवला?"

"तुमच्याकडच्या लोकांनीच मागणी केली होती." मॅडमनी कपाटातून फाईल काढली आणि एकदम खुलल्या. "पण काही म्हणा, अर्ज काय सुरेख आहे! नवीन क्लार्क आला की मी त्याला हा दाखवते. म्हणते, अक्षर बघ, मांडणी बघ."

नामदेवरावांनी बघितलं. निळी शाई. लाल शाई. ‘सबब, सदर परिसरात कोणाचेही, कोणत्याही कारणास्तव, तळमजल्याच्या वर बांधकाम कदापि होऊ नये.’ कदापि लाल होतं आणि त्याखाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा होत्या.

"सुंदर आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"हो," नामदेवराव कसेबसे म्हणाले. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या अक्षराचं इतकं मनापासून कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि हे माझं आहे असं सांगायची सोय नव्हती.

झालं होतं असं. दीड वर्षामागे ले-आऊटच्या मागच्या पडीक सरकारी जागेवर तीन मजली इमारत येणार असं आराखड्यात छापून आलं. गावात भाड्याने राहणाऱ्या, हातावर पोट असलेल्या कुटुंबांसाठी छत्तीस घरं. ले-आऊटमध्ये एकच कल्लोळ उठला. पाण्याचं काय, गर्दीचं काय, आणि आवाज खाली आणून, कोन येतीन कोन नाई. गरिबांना घरं नकोत असं सरळ लिहिणं काही बरं दिसेना. तेव्हा उरकुडे सरांनी तोड काढली होती, "त्या बिल्डिंगीचं नावच घेऊ नका. तत्त्व मांडा! म्हना, या भागात कोनीच वर बांधू नये. कोनी बोट दाखवनार नाई." नामदेवरावांना तत्त्व लिहायला मिळालं की भान राहत नसे. त्यांनी ‘कोणाचेही’ लिहिलं, ‘कोणत्याही कारणास्तव’ लिहिलं, आणि हात रंगात आला होता म्हणून ‘कदापि’ही लिहिलं. लीलाबाईंनी सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, तळली होती. ले-आऊटची रीतच अशी की ताटली डाव्या हातात आली की उजव्या हाताने सही करायची. वाचण्याचा प्रघात नाही. बेचाळीस सह्या झाल्या, इमारत आराखड्यातून बाहेर पडली, आणि आपणही त्याच पट्ट्यात राहतो हे बेचाळिसांतल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही.

"एकट्या माह्या प्लॉटले सूट नाई भेटत काय?" नामदेवरावांनी मॅडमना आवाज उतरवून विचारलं.

"हेच विचारायला तुमच्या ले-आऊटमधले अकरा जण येऊन गेलेत, काका. सगळे तोंडी, आणि सगळे म्हणाले, कोणाला सांगू नका."

एवढ्यात दार उघडलं आणि उरकुडे सर आत आले. नामदेवरावांना पाहताच ते जागच्या जागी सावधान उभे राहिले.

"मी... जन्माच्या दाखल्यासाठी आलतो."

"कोनाच्या?"

"माह्याच," अडुसष्ट वर्षांचे सर म्हणाले.

मॅडमनी दोघांना बसवून पाणी दिलं आणि सांगितलं की आराखडा अजून अंतिम झालेला नाही. पुढच्या महिन्यात यवतमाळहून साहेब शेवटच्या सुनावणीला येणार. तिथे ले-आऊटने मागणी बदलली तर अट बदलू शकते. परतीच्या वाटेवर उरकुडे सरांचा चेहरा एकदम उजळला आणि भर चौकात त्यांनी शिट्टी फुंकली.

"नामदेवराव! ‘तळमजला अधिक एक’! एकच मजला मागायचा! आपल्या सगळ्यायचं वरचं होऊन जाते, आन् ती तीन मजली तं तीन मजलीच राह्यली. ती बसतच नाई!"

नामदेवरावांनी त्यांना रस्त्यातच मिठी मारली. त्याच संध्याकाळी अंगणात सतरंजी पडली, सांबारवडीचा घाणा सुरू झाला. तेव्हा कळलं, की ले-आऊटमध्ये प्रत्येकाच्या मनात एक वरचा मजला होता. कुणाला मुलासाठी, कुणाला सुनेपासून दूर जाण्यासाठी. रामसिंगांना पावसात बसायला वरांडा हवा होता. जो तो दुसऱ्याला आपला नकाशा सांगत होता आणि ऐकत कुणी नव्हतं. अर्ध्या तासात बेचाळीस सह्या झाल्या, त्यातल्या नऊ तेलकट. नामदेवरावांनी तिथूनच वैष्णवीला फोन लावला. "झालं म्हनून समज, बेटा!" पलीकडून सोनूने भिंतीला जांभळा रंग मागितला आणि तो जागच्या जागी मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी धर्मपाल दोरी घेऊन मापं घ्यायला आला. आनंद नामदेवरावांच्या पोटात मावत नव्हता. दोरीचं दुसरं टोक हातात धरून त्यांनी त्याला सगळा अर्ज म्हणून दाखवला.

"चांगलं लिहिलं, काकाजी," धर्मपाल म्हणाला. "मांगच्यासारखंच."

"मांगचं तुले कसं म्हाईत?"

"हापिसात वाचून दाखोलं होतं आमाले. मी आन् ममता गेलतो, बिल्डिंग काहून कटली ते विचाराले." त्याने दोरीला गाठ मारली. "माहा नंबर लागला होता तिथं. तिसऱ्या मजल्यावर."

नामदेवरावांच्या हातातलं टोक सैल झालं.

"चार सालात पाच खोल्या बदलल्या, काकाजी. आमी आडनाव सांगतलं का खोली आत्ताच भरली म्हनतेत. जिथं भेटते तिथं अकरा मयन्यानं निंघा म्हनतेत. पोरीची शाळा दर खेपी बदलते. दोरी धरा नं जरा तानून."

"तं तू मले तवा बोलला काहून नाई?"

"काय बोलनार? पयली सही तुमची होती." धर्मपाल सरळ झाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच नामदेवरावांना सोसवेना. "म्हटलं, काकाजीनं लिहिलं म्हनजे काही तरी कारन असन."

नामदेवराव कारण शोधू लागले. अर्जात होती तशी पुष्कळ. पाण्याचा दाब होता, वाहनतळ होतं, ‘परिसराचे शांत स्वरूप’ होतं. पण आपल्या डोक्यावरचा स्लॅब ज्याने भरला त्याच्यासमोर उभं राहून म्हणता येईल असं त्यात एकही नव्हतं. त्यांना लाज वाटली. साधी, कान तापवणारी लाज. मापं पुरी झाली तरी दोरी त्यांच्या हातातच होती.

लीलाबाईंना त्यांनी सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"आपल्या पोरीले तीन रविवार खोली नाई भेटली तं तुमी घर डोक्यावर घेतलं," त्या म्हणाल्या. "त्याले चार सालं झाले."

"पन सायबानं आपलंबी नाई म्हटलं तं? वैष्णवी कुठं राह्यीन?"

"बैठकीत राह्यीन. मी काय लेकीले अंगनात ठेवनार हाय? लिहाचं ते लिहा. फक्त या खेपी सांबारवडी मांगू नका."

सुनावणीच्या दिवशी सकाळी अकराला नगर पंचायतीचं सभागृह भरलं. पुढच्या रांगांत शारदा ले-आऊट, धुतलेल्या कपड्यांत. मागे पाण्याच्या टाकीजवळ धर्मपाल, त्याची बायको ममता आणि आणखी दहा-बारा जण उभे. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी उभे. पुकारा झाला तसे नामदेवराव उठले. त्यांच्या हातात दोन कागद होते.

"हा बेचाळीस लोकायचा अर्ज, सायेब. सह्या खऱ्या हायेत. त्यातली पयली सही मी वापस घेतो," ते म्हणाले. मग दुसरा कागद पुढे केला. "आन् हा दुसरा अर्ज माहा एकट्याचा. मांगच्या अर्जातला कदापि मीच लिहिला होता. तो आन् त्याच्यासंगचा पुरा मजकूर मी मांगं घेतो. वर बांधू द्या. मले, यायले, आन् मांगच्या जागेवर त्यायलेबी."

नयन मॅडमनी चमकून पाहिलं. तो सुंदर अर्ज कुणाचा हे त्यांना आत्ता कळलं. तेवढ्यात उरकुडे सरांनी शिट्टी फुंकली. साहेबांच्या हातातला चहा आराखड्यावर सांडला आणि नेमका शारदा ले-आऊट भिजला.

"धोका हाय हा!" सर ओरडले. "आमी एकेचाळीस ‘तळमजला अधिक एक’वर कायम आहोत!"

साहेबांनी रुमालाने नकाशा टिपला आणि शांतपणे अर्ज वाचला. "यात तुम्ही म्हणता एक मजला चालेल, तीन चालणार नाहीत. ठीक. पण कारण कुठे आहे?"

कारण नव्हतं. त्या संध्याकाळच्या आनंदात कारण घालायचं राहूनच गेलं होतं.

"दुपारी दोनपर्यंत लेखी कारण द्या, खाली सगळ्यांच्या सह्या करून. नाहीतर मी अट काढतो."

एकेचाळीस माना एकाच वेळी नामदेवरावांकडे वळल्या. नामदेवरावांनी पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि खिशाचं बटनही लावलं. "मी नाई लिहत," ते म्हणाले आणि खाली बसले.

मग बाहेरच्या कडुलिंबाखाली जे घडलं ते पाहायला खुद्द साहेब खिडकीत येऊन उभे राहिले. उरकुडे सरांनी कागद मांडीवर घेतला. ‘प्रति, मा. साहेब’ इथवर गाडी सुसाट गेली. ‘कारण की’ लिहून ती थांबली.

"पानी लिहा," कुणी तरी म्हणालं.

"पानी तं तुमच्या वरच्या मजल्यालेबी लागन," रामसिंग म्हणाले. पाणी खोडलं.

"गर्दी लिहा."

"बेचाळीस मजले आपले वाढून राह्यले, भाऊ. छत्तीस घरं त्यायचे. गर्दी कोनाची जास्त? मी जिंदगीभर मानसं मोजले, मले नका सांगू." गर्दी खोडली.

शांतता खोडली, गाड्या खोडल्या. शेवटी एकाने, इकडेतिकडे पाहत, हळू आवाजात खरं कारण सांगितलं, "कोन येतीन, कशे लोक असतीन..."

"असं? मंग तेच लिहा," रामसिंग म्हणाले. "कशे म्हनजे कशे तेबी लिहा. आन् खाली आपापलं नाव."

उरकुडे सरांनी पेन पुढे केलं. ते कुणी घेईना. तोंडी इतक्या सोप्या वाटणाऱ्या वाक्याखाली आपलं नाव पाहायला एकेचाळिसांतला एकही तयार झाला नाही. दोन वाजता साहेबांच्या टेबलावर कागद पोचला तेव्हा ‘कारण की’च्या पुढे काहीच नव्हतं. साहेबांनी तो फाईलला लावला आणि ‘फक्त तळमजला’वर एक रेघ ओढली. मागच्या जागेची इमारत पुन्हा नकाशात आली. नामदेवरावांनी आनंदाने उडीच मारली असती, पण गुडघ्याने हरकत घेतली. त्यांनी मागे वळून पाहिलं. धर्मपाल पहिल्यांदाच खुर्चीवर बसला होता.

जूनमध्ये वैष्णवी आली तेव्हा वर स्लॅबच्या टेकूच्या नुसत्या बल्ल्या उभ्या होत्या. महिनाभर पाच माणसं बैठकीत झोपली आणि सोनूला याहून चांगलं घर जगात नाही असं वाटलं. आता ती रोज बापाच्या पाठीवर चढून जांभळ्या भिंतीची पाहणी करायला वर जाते. उरकुडे सर तेवीस दिवस बोलले नाहीत. चोविसाव्या दिवशी आले, खुर्चीच्या कडेला टेकले आणि स्वतःच्या वरच्या मजल्याचा अर्ज लिहून मागितला. नामदेवरावांनी लिहून दिला.

वरचा स्लॅब भरून झाला होता त्या दुपारी धर्मपाल हात धुऊन जिन्यापाशी घुटमळत राहिला.

"काकाजी, बिल्डिंगीची यादी नव्यानं होऊन राह्यली. पुन्हा अर्ज करा लागते. तुमी लिहून देता काय?"

नामदेवरावांनी टेबल पुसलं. नवा कोरा कागद घेतला. निळ्या शाईत धर्मपालचं नाव लिहिलं, ममताचं लिहिलं, बदललेल्या पाच खोल्यांचे पत्ते लिहिले. कारण या वेळी शोधावं लागलं नाही. शेवटच्या ओळीवर हात थांबला. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, चष्मा पुसला आणि लिहिलं, ‘सबब, या कुटुंबास राहते घर सोडून जाण्याची पाळी पुन्हा कदापि येऊ नये.’

मग पट्टी ठेवली आणि त्या एका शब्दाखाली दोन रेघा मारल्या.